बेणे निवडता, तसे अंडेही निवडा



दसरा झाला, बॉयलर पेटला, आता तोडणीची गडबड सुरू होईल. अशा वेळी ऊस विकास अधिकाऱ्याने खोडव्याविषयी किंवा पाचट कुजविण्याविषयी चार शब्द लिहावेत, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु या अंकात मी कोंबडीच्या अंड्यांविषयी लिहिणार आहे. खाण्याच्या नव्हे, पिल्ले काढण्याच्या अंड्यांविषयी.

याला कारण आहे. आडसाली उसाचा पैसा हातात यायला दीड वर्ष लागते. तोवर घरातले मीठ-मिरची, मुलांच्या वह्या, एस. टी.चे भाडे हे पुष्कळ घरांत कोंबड्यांवरच भागते. हा व्यवहार घरातल्या बायका पाहतात, त्याची नोंद कुठल्या वहीत नसते. गट ऑफिसला आलो की निम्म्या भगिनी मला उसाआधी कोंबडीचेच विचारतात, "साहेब, एवढी अंडी बसवली, चारच पिल्लं निघाली. कोंबडी बाद झाली का?" बहुतेक वेळा कोंबडीचा काही दोष नसतो. अंडी तिच्याखाली जाण्यापूर्वीच बिघडलेली असतात. आता थंडीचे दिवस येत आहेत. गावरान कोंबडी बसवायला हाच काळ चांगला. म्हणून हा धडा आत्ताच.

माझी स्वतःची चूक

दुसऱ्याला शिकविण्याआधी आपली चूक सांगावी, म्हणून सांगतो. २०१६ सालच्या मे महिन्यात आमच्या एका सभासद मावशींची कोंबडी खुडूक झाली. मावशींच्या घरी कर्ता पुरुष नाही, शेअर त्यांच्याच नावावर आहे. घरची अंडी संपली होती. मी म्हटले, "मावशी, माझ्या पाहुण्यांकडे चांगल्या जातिवंत कोंबड्या आहेत, मी आणतो." मोठ्या उत्साहाने मोटारसायकलवर गेलो आणि बारा अंडी कापडी पिशवीत घालून, हँडलला अडकवून, भर दुपारी चाळीस किलोमीटर आणली. वाटेत निम्मा रस्ता गाडीवाटेचा. अंड्यांना घाण लागली होती, म्हणून नळाखाली स्वच्छ धुतली. त्याच संध्याकाळी कोंबडीखाली मांडली.

एकवीस दिवसांनी दोन पिल्ले निघाली. मावशी मला काही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, उसाचं बेणं डोळा बघून घेता तुम्ही. अंडं बघितलंच न्हाई."

ते वाक्य मला लागले. उरलेली दहा अंडी मी आमच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांसमोर उकिरड्याजवळ एकेक करून फोडली. चार अंड्यांत रक्ताची खूणसुद्धा नव्हती. तीन अंड्यांत रक्ताची बारीक कडी दिसली, म्हणजे जीव धरला आणि पहिल्याच आठवड्यात गेला. दोन नासून काळी पडली होती. एकात पूर्ण वाढलेले पिल्लू मेलेले होते. ते का मेले, ते एका अंड्यावरून सांगता येणार नाही असे डॉक्टर म्हणाले. बाकी नऊ अंड्यांचा हिशेब मात्र त्यांनी मला विचारून-विचारून लावला. तोच हिशेब पुढे मांडतो.

एका खेपेची किंमत

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते, तीही तीन-चार खेपांत. ती बसली की २१ दिवस अंडी बंद. पिल्ले निघाली की पुढे सहा-आठ आठवडे ती पिल्लांमागे फिरते, तेव्हाही अंडी नाहीत. म्हणजे एकदा बसविली की कोंबडीचे जवळजवळ तीन महिने गुंतले. खेप वाया गेली तर बारा अंड्यांचे पैसे तर जातातच, पण वर्षातल्या तीन-चार संधींपैकी एक जाते. लावणीत तुटाळ पडली तर आपण नांगे भरतो. इथे नांगे भरता येत नाहीत.

अंडे हे जिवंत बेणे आहे

कोंबड्याचा संग झालेल्या कोंबडीच्या पोटात अंडे तयार होत असतानाच त्यात जीव धरतो. अंडे बाहेर पडते तेव्हा त्या जिवाची वाढ सुमारे एक दिवसाची झालेली असते. कोंबडीच्या अंगाची ऊब ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. बाहेर आल्यावर अंडे निवते आणि वाढ थांबते. जीव मरत नाही, झोपतो. पुन्हा ऊब मिळाली की जागा होतो.

ही झोप नीट लागायला थंडावा हवा. उबवणीची अंडी ठेवायला १५ ते १८ अंश सेल्सिअस उष्णतामान उत्तम. साधारण २०-२१ अंशांच्या वर गेले की वाढ हळूहळू सुरू होते, पण पुरी ऊब नसल्याने ती नीट होत नाही. ना धड झोप, ना धड जाग. अशात जीव अशक्त होतो आणि कोंबडीखाली गेल्यावर चार-सहा दिवसांत मरतो. माझ्या पाहुण्यांकडे अंडी चुलीवरच्या फळीवर पंधरा दिवस ठेवलेली होती, त्यात मे महिना आणि दुपारचा प्रवास. ती तीन रक्तकड्यांची अंडी याच वाटेने गेली.

कोंबड्याचा हिशेब

चार अंडी रिकामी का निघाली? डॉक्टरांनी विचारले, "पाहुण्यांकडे कोंबडा होता का?" मी फोन लावला. उत्तर आले, "कोंबडा यात्रेला कापला. तीन आठवडे झाले असतील."

कोंबडा गेल्यावरही कोंबडीच्या अंगात त्याचे बीज साधारण दहा ते चौदा दिवस टिकते, क्वचित जास्त. त्यानंतरची अंडी खायला चांगली, पण त्यांतून पिल्लू निघत नाही. म्हणजे माझ्या पिशवीत ताजी होती ती रिकामी आणि जीव धरलेली होती ती शिळी, असा प्रकार झाला.

यावरून नियम असा. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक जोमदार कोंबडा असावा. नवा कोंबडा सोडल्यावर निदान दहा दिवस थांबून मग बसविण्याची अंडी गोळा करावीत. जुना कोंबडा काढून दुसऱ्या जातीचा सोडला असेल आणि त्याचीच पिल्ले हवी असतील, तर तीन आठवडे जाऊ द्यावेत.

आपल्याकडे आणखी एक खोड आहे. सर्वांत चांगला, वजनदार कोंबडा यात्रेला किंवा पाहुण्याला जातो आणि मागे राहतो तो किरकोळ. त्याचीच पिल्ले वाढतात. चांगला ऊस गाळपाला पाठवून लोळलेला, वाळलेला ऊस बेण्याला ठेवावा, तसेच हे. कोंबडा कापायचाच असेल तर दुसरा कापा. त्याच घरातली भावंडे वर्षानुवर्षे एकमेकांत राहिली तरी पिल्ले कमी निघतात व अशक्त निघतात. म्हणून एक-दोन वर्षांनी शेजारगावाशी कोंबड्याची अदलाबदल करावी.

दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांबद्दलही विचारणा होते. त्या अंड्यांच्या कोंबड्या पिंजऱ्यात असतात, कोंबडा त्यांच्याजवळ नसतोच. ती अंडी कितीही उबवली तरी पिल्लू निघणार नाही.

अंडी कोणती घ्यावीत

बेण्याला आपण नऊ ते अकरा महिन्यांचा, रसरशीत डोळ्यांचा ऊस निवडतो. फार कोवळा नको, फार जून नको. अंड्याचेही तसेच आहे.

पुलंगीची, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबडीची, पहिली अंडी लहान असतात, ती खाण्याला घ्यावीत. निदान सात-आठ महिने वयाच्या, निरोगी, भरपूर अंडी देणाऱ्या व पिल्ले सांभाळणाऱ्या कोंबडीची अंडी बसवावीत. आजारी किंवा नुकत्याच मानमोडीतून उठलेल्या कळपातली अंडी घेऊ नयेत. पिल्लांची पांढरी हगवण हा रोग तर आईकडून अंड्यातूनच पिल्लात उतरतो.

आकार मध्यम असावा. गावरान अंडे ४० ते ५० ग्रॅम व सुधारित जातीचे ५० ते ६० ग्रॅम भरते, ते ठीक. फार लहान अंड्याचे पिल्लू दुबळे निघते. फार मोठ्या अंड्यात कधी कधी दोन बलक असतात व त्यातून सहसा काही निघत नाही. एक बाजू रुंद व एक निमुळती, असा अंड्याचा नेहमीचा घाट असावा. चेंडूसारखे गोल, लांबुडके, सुरकुतलेले, खरबरीत किंवा पातळ कवचाचे अंडे बाजूला काढावे. दोन अंडी एकमेकांवर अगदी हलके टेकवून पाहावीत. आवाज खणखणीत आला तर कवच चांगले, बद्द आला तर बारीक तडा आहे असे समजावे.

लांबट अंड्यातून कोंबडा व गोल अंड्यातून तलंग निघते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. नर की मादी हे अंड्याच्या घाटावरून ओळखता येत नाही. तलंगा हव्यात म्हणून गोल अंडी निवडाल तर फक्त घाट बिघडलेली अंडी बसवाल.

गिरिराज, वनराज अशा सुधारित कोंबड्यांची घरची अंडी बसवावीत का, असेही विचारतात. पिल्ले निघतात, पण पुढच्या पिढीत आईबापांचा गुण तसाच उतरत नाही. संकरित मक्याच्या कणसातले दाणे पुन्हा पेरल्यावर जे होते तेच. त्या जातीची पिल्ले हवी असतील तर शासनाच्या अंडी उबवणी केंद्रातून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून दर वेळी नवीन आणावीत. शिवाय या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. अंडी त्यांची असली तरी बसवायला गावरान कोंबडीच लागते.

धुऊ नका

माझी दोन अंडी नासली ती नळाच्या पाण्याने. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांतून आतला जीव श्वास घेतो. अंडे बाहेर पडताना त्यावर एक पातळ थर चढतो व तो वाळून छिद्रांची राखण करतो. अंडे धुतले की तो थर जातो. त्यातून उन्हाने तापलेल्या अंड्यावर गार पाणी पडले की आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचे घाण पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. मग अंडे नासणारच. ओल्या फडक्याने पुसणेही तसेच वाईट.

म्हणून मुळात अंडे घाण होऊ नये हे पाहावे. अंडी घालायच्या पाटीत कोरडा पेंढा किंवा बुरशी नसलेले कोरडे पाचट घालावे व ते वरचेवर बदलावे. किंचित घाण असेल तर कोरड्या फडक्याने किंवा नखाने हलके खरवडून काढावी. जास्त माखलेले अंडे खाण्याला घ्यावे. ताजेपणा पाहण्यासाठी अंडे पाण्यात सोडून पाहतात, तेही बसविण्याच्या अंड्यांना करू नये.

कशी ठेवावीत, किती दिवस ठेवावीत

अंडी दिवसातून दोनदा तरी उचलावीत, उन्हाळ्यात तीन-चार वेळा. प्रत्येकावर शिसपेन्सिलीने तारीख घालावी. निमुळती बाजू खाली व रुंद बाजू वर ठेवावी, कारण हवेची पोकळी रुंद बाजूला असते.

थंडीत सात दिवसांपर्यंतची अंडी चालतात. सात दिवसांनंतर रोज थोडी थोडी उगवण कमी होत जाते. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत. खरे म्हणजे मे महिन्यात कोंबडी बसवूच नये. ठेवायची जागा घरातली सर्वांत गार, चुलीपासून लांब. गार जागा नसेल तर मातीचा डेरा सावलीत ओल्या वाळूत अर्धा पुरावा, आत कोरडा पेंढा घालून त्यावर अंडी मांडावीत व तोंडावर ओले फडके बांधावे. पाणी अंड्याला लागता कामा नये. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. तिथली थंडी जिवाला सोसत नाही, आणि बाहेर काढले की अंड्याला घाम सुटतो, तोही ओलावाच.

आता खरी अडचण. एका कोंबडीची बारा अंडी जमायला दोन आठवडे लागतात. मग पहिली अंडी शिळी होणारच. यावर उपाय सोपा आहे. सुरुवातीची अंडी विकावीत किंवा खावीत आणि शेवटच्या आठवड्यातली राखावीत. कमी पडली तर घरातल्या दुसऱ्या कोंबडीची किंवा शेजारणीची ताजी अंडी घेऊन भर घालावी. आपण नेमके उलट करतो, ताजी विकतो आणि जुनी बसवतो. पाटीत कोळशाने खूण केलेले एक अंडे कायम राहू द्यावे, म्हणजे कोंबडी जागा बदलत नाही.

ने-आण

टिपरी ट्रॉलीतून आपटत आणली तर डोळे फुटतात, हे आपण जाणतो. अंडे फुटले नाही म्हणजे ते सुखरूप आले असे मात्र नाही. हिसक्यांनी आतला हवेचा कप्पा सैल होतो व बलकाचे बंध ढिले होतात. म्हणून अंडी पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये किंवा भुसा घातलेल्या डब्यात, निमुळते टोक खाली करून, सकाळी किंवा संध्याकाळी आणावीत. डबा हँडलला न अडकवता मागे बसणाऱ्याच्या मांडीवर असावा. घरी आणल्यावर निदान बारा तास, जमल्यास एक दिवस, न हलवता गार जागी ठेवावीत व मगच बसवावीत.

बसविल्यानंतर

कोंबडी पक्की खुडूक आहे का, हे दोन दिवस खुणेच्या अंड्यावर बसवून पाहावे. अंगावर उवा, पिसवा नाहीत ना, तेही पाहावे. पाटी अंधाऱ्या, शांत जागी असावी. संध्याकाळी अंडी मांडावीत. कोंबडीच्या पंखाखाली पूर्ण झाकतील तितकीच, म्हणजे १० ते १२. एक जरी बाहेर राहिले तरी ती अंडी फिरवते तेव्हा आळीपाळीने सगळीच गार पडतात. दाणा-पाणी जवळ ठेवावे. काही घरांत विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून पाटीत लोखंड किंवा कोळसा ठेवतात. ठेवायचे तर ठेवा, पण अंड्याची तारीख बघायला विसरू नका.

सातव्या रात्री अंडी बॅटरीवर तपासावीत. जाड कागदाची नळी करून बॅटरीच्या तोंडाला लावावी व अंड्याची रुंद बाजू तिच्यावर टेकवावी. कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. नुसते स्वच्छ पिवळे दिसले तर अंडे रिकामे. लाल कडी दिसली तर जीव गेलेला. रिकामी व मेलेली काढून टाकावीत. मी ही तपासणी केली असती तर मावशींच्या कोंबडीचे दोन आठवडे वाचले असते.

अलीकडे काही तरुण सभासदांनी लहान विजेवरची उबवणी यंत्रे घेतली आहेत. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस ऊब, पहिले १८ दिवस ५५ ते ६० टक्के आर्द्रता व शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवावी. अंडी १८व्या दिवसापर्यंत दिवसातून निदान तीन वेळा फिरवावीत, नंतर हलवू नयेत. भारनियमनाची सोय आधी पाहावी. यंत्र कितीही भारी असले तरी शिळ्या, धुतलेल्या अंड्यात ते जीव घालू शकत नाही.

थोडक्यात

१. जोमदार कोंबडा कळपात ठेवा, चांगला कोंबडा आधी कापू नका.
२. मध्यम, नेहमीच्या घाटाची, न तडकलेली अंडी घ्या.
३. अंडी धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसू नका.
४. तारीख घाला. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात तीन-चार दिवस.
५. टोक खाली, गार जागा, चुलीपासून लांब. फ्रिज नको.
६. हिसके न देता आणा आणि एक रात्र विसावू द्या.
७. सातव्या रात्री बॅटरीवर तपासा.

त्याच २०१६ सालच्या डिसेंबरात मी पुन्हा मावशींच्या दारात गेलो. या वेळी अंडी त्यांच्या आळीतल्याच तीन घरांतून घेतली, सर्व सहा दिवसांच्या आतली. निवडली मावशींनी, तारखा मी घातल्या. अकरा मांडली, सातव्या रात्री एक रिकामे निघाले ते काढले आणि नऊ पिल्ले निघाली. जूनमध्ये नातवाच्या वह्या-पुस्तकांना त्यांतल्याच कोंबड्यांचे पैसे झाले, असे मावशींनी गट ऑफिसला मुद्दाम येऊन सांगितले.

या थंडीत ज्यांना कोंबडी बसवायची आहे, त्यांनी बसविण्याआधी एकदा आपली अंडी उजेडात घेऊन पाहावीत. शंका असल्यास गट ऑफिसला विचारावे, किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. पिल्ले निघाल्यावर मानमोडीची लस पहिल्या आठवड्यातच थेंबाने कशी द्यायची, हेही तिथेच विचारून घ्यावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी